स्वमग्न किशोरांचे शिक्षण

सामाजिक देवघेव, संभाषण आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे यांत जन्मजात वेगळेपण निर्माण करणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था म्हणजे स्वमग्नता. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाहिलेल्या ११ मुलांचे वर्णन १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. या अवस्थेला पुढील वर्षी मिळालेल्या नावात ‘शैशव’ हा शब्द होता आणि अभ्यासकांचे लक्षही दीर्घकाळ बालपणावरच राहिले. ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न उशिरा पुढे आला.

प्रारंभी आईवडिलांची, विशेषतः आईची, भावनिक अलिप्तता हेच स्वमग्नतेचे कारण मानले जाई. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात या मताचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यानुसार मुलाला घरापासून दूर ठेवणे हाच उपाय ठरे. मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या अवस्थेची कारणे जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांच्या १९७७ मधील २१ जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा प्रभाव दाखवून दिला.

मूळच्या ११ मुलांचे पुढे काय झाले, याचा वृत्तांत कॅनर यांनी १९७१ मध्ये दिला. सरकारी मनोरुग्णालयांत वाढलेल्या मुलांची प्रगती खुंटली होती. याउलट, त्यांच्यातील पहिला मुलगा वयाच्या नवव्या वर्षापासून मिसिसिपी राज्यातील एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. दांपत्याने त्याला विहीर खणून तिची खोली मोजावयास सांगितली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजू लागला, तेव्हा नांगरता नांगरता त्या मोजण्याचे काम त्याला दिले. गावच्या शाळेतही त्याला सामावून घेण्यात आले. पुढे तो पदवीधर होऊन बँकेत नोकरीस लागला. मुलाचा छंद मोडून न काढता तो उपयोगात आणणे, हे नंतरच्या शिक्षणपद्धतींचे एक सूत्र येथे आधीच दिसते.

ब्रिटनमध्ये पालकांनी १९६२ मध्ये संस्था स्थापन केली. सिबिल एल्गर यांच्या नेतृत्वाखाली तिची शाळा लंडनमध्ये १९६५ मध्ये निघाली. विद्यार्थी वयात येऊ लागल्यावर १९७४ मध्ये त्यांच्यासाठी सॉमरसेट परगण्यात निवासी केंद्र उघडावे लागले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून पालकांना सहशिक्षक मानणारी पद्धती रुजविली. दिवसाचा क्रम चित्रांनी वा शब्दांनी आधीच मांडलेला असल्याने विद्यार्थ्याची अनिश्चितता कमी होते. घरी व शाळेत एकच क्रम पाळल्यास हा लाभ टिकतो. शरीरातील बदल, वाढता अभ्यास व मित्रांचे अलिखित संकेत एकाच वेळी पेलावे लागणाऱ्या किशोरवयात याचे महत्त्व अधिक आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने शाळेनंतरच्या जीवनाचे नियोजन १६ व्या वर्षापर्यंत सुरू करणे शाळांवर बंधनकारक केले.

भारतात ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था दिल्लीत १९९१ मध्ये स्थापन झाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा वा वाचन, लेखन व गणित यांतील अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्याने दोहोंना स्वतंत्र मान्यता दिली. निर्धारित प्रमाणात अक्षमता असलेल्या मुलांना त्यानुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी, ज्या पालकांना एकेकाळी दोषी ठरविले गेले, त्यांचाच अनुभव शिक्षकांना मार्गदर्शक ठरतो.