चुलीपर्यंत आलेला संप

आमचे आजोबा दौंडच्या लोको शेडचे फायरमन. वाफेच्या इंजिनात कोळसा लोटून हात असे काळवंडले होते की पेन्शनीत आल्यावरही आजी म्हणायची, "आवं, साबण तरी बदलून बघा!"

रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय दारावर थाप मारायचा. आजी तशीच झोपेतून उठून ज्वारीच्या भाकरी थापायची, फडक्यात शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून द्यायची. गाडी मनमाडच्या अंगाला जाणार की सोलापूरच्या, हे तिला पुष्कळदा कळतही नसे. माणूस परत कधी येईल, हे तर कुणालाच ठाऊक नसे. बारा-चौदा तासांच्या ड्यूटीचं तेव्हा कुणाला नवल नव्हतं.

मग आला 1974चा रेल्वे संप. आठ तासांचं काम, बोनस आणि सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांच्या बरोबरीनं पगार, या मागण्या होत्या. 2 मे रोजी संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना लखनौत अटक झाली, तरी 8 मेपासून देशभर चाकं थांबली. सतरा लाखांच्या आसपास कामगार संपात उतरल्याचं सांगतात. सरकारनं संप बेकायदा ठरवला. हजारो तुरुंगात गेले, हजारोंची नोकरी गेली, क्वार्टर खाली करण्याचा धाक बायकापोरांना घातला गेला. 27 मेला संप मागे घेतला गेला.

त्या वीस दिवसांत आजोबा कुठं होते, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आत्या म्हणते, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पाहुण्यांच्या मळ्यात. वडील म्हणतात, क्वार्टरमध्येच, आतून कडी लावून. आजीनं भांडीकुंडी ट्रंकेत भरून ठेवली होती, यावर मात्र दोघांचं एकमत. वाण्याची उधारी थांबली, तेव्हा ओळीतल्या बायकांनी पीठ एकत्र केलं. हुलग्याचं माडगं एका चुलीवर शिजायचं आणि चार घरांत जायचं.

1977 साली जनता सरकार आलं. रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना पुन्हा कामावर घेतलं. 1979 साली बोनसही मान्य झाला. त्या वर्षी आजीनं पुरणावर तुपाची धार जरा सढळ धरली, असं आत्या सांगते.

आमच्या घरानं पाहिलेला दुसरा संप एसटीचा. शिरूरला आईचे मामा एसटीत कंडक्टर होते. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला शिरूरच्याच रस्त्यानं गेली, याचा त्यांना कोण अभिमान! 2021च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कामगार शासनात विलीनीकरणासाठी संपावर गेले, तेव्हा थकलेले मामा रोज विचारायचे, "पोरं कामावर गेली का रं?" पुढं एप्रिल 2022मध्ये उच्च न्यायालयानं 22 तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितलं आणि कारवाई न करण्याची हमी मिळाली, तेव्हा कुठं ते नीट जेवले.

रेल्वेतल्या पक्क्या नोकरीच्या जोरावर आमच्या आत्या शिकल्या, आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आजीला शेवटपर्यंत फॅमिली पेन्शन मिळाली. आज स्टेशनं झाडणारे, डब्यांतून चादरी वाटणारे कितीतरी हात कंत्राटी आहेत. त्यांच्याही घरी म्हातारी माणसं आहेत, शिकणाऱ्या पोरी आहेत. आपल्या घरात पेन्शन आली असेल, तर कंत्राटी माणसाच्या हक्कासाठी बोलणं हे आपलं देणं आहे.