श्वानाचा श्वास आणि माणसाची चिंता

१/५
कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सोबतीला आहे. त्याच्या तोंडाच्या दुर्गंधीवर विकाऊ उपाय मात्र अगदी अलीकडचा.

२/५
इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक कोलुमेला याने शेतीवर ग्रंथ लिहिला. उन्हाळ्यात माश्यांमुळे कुत्र्यांच्या कानांना व्रण पडतात, म्हणून तेथे वाटलेले कडू बदाम चोळावेत, असे तो सांगतो.

३/५
दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक एरियन शिकारी कुत्र्याचे अंग चोळणे हितकारक मानतो. कुत्रा माणसाजवळ निजावा, म्हणजे रात्री त्याला काही दुखले-खुपले तर कळते, असेही त्याचे मत.

४/५
१९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाडाच्या आकाराचे ‘मिल्क-बोन’ बिस्किट आले. १९३१ मध्ये ते नॅशनल बिस्किट कंपनीकडे गेले. आरंभी खाऊ म्हणून विकले गेलेले हे बिस्किट पुढे दात स्वच्छ व श्वास ताजा ठेवणारे म्हणून जाहिरातींत झळकले.

५/५
कुत्र्याच्या तोंडाची दुर्गंधी हे बहुधा दातांवरील कीटणाचे वा हिरड्यांच्या रोगाचे लक्षण असते. सुवासाने ते झाकले, तरी रोग आत वाढतच राहतो. कुत्र्यांसाठीच्या पेस्टने दात घासणे आणि पशुवैद्याकडून तपासणी, हेच खरे उपाय. एरियनचा निकष आजही लागू पडतो: निगा राखणाऱ्याला दुखणे वेळेत कळले पाहिजे.