जोतीराव, बाबासाहेब आणि अमेरिकेतला एक मेलेला कायदा

स्मरणिकेत इतिहासावर लिहायचे म्हटले की आपण महाड, नाशिक, येवला, नागपूर या वाटेने जातो. ती आपली वाटच आहे. पण या वेळी वाचक बंधुभगिनींना जरा लांब, अमेरिकेत न्यायचे आहे. कारण महाडच्या चवदार तळ्याचा आणि अमेरिकेतल्या एका कायद्याचा संबंध आहे, आणि तो संबंध जुळला तो वाचनातून.

सुरुवात महात्मा जोतीराव फुल्यांपासून केली पाहिजे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाने विशीतच, १८४७ च्या सुमारास, थॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक वाचले. पेन हा इंग्लंडातल्या एका कारागिराचा मुलगा. माणसाचे हक्क राजाच्या मेहेरबानीने मिळत नाहीत, ते जन्मानेच असतात, असे लिहिल्याबद्दल त्याच्यावर १७९२ साली तिकडे खटला भरला गेला होता. जोतीराव कधी परदेशी गेले नाहीत. त्यांचे जग पुस्तकांतून आले. १८७३ साली 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती त्यांनी कोणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या सज्जन लोकांना! निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली म्हणून आदर, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा ही इच्छा. (निग्रो हा शब्द त्या काळी सगळेच वापरत, जोतीरावही आणि बाबासाहेबही. आज तिकडची माणसे तो मान्य करत नाहीत, म्हणून पुढे मी काळे लोक असेच लिहितो.)

जोतीरावांनी ज्या गोष्टीचा गौरव केला ती खरीच मोठी होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. १८६५ च्या डिसेंबरात गुलामी घटनेनेच बंद झाली. १८६८ मध्ये नागरिकत्व, १८७० मध्ये मताचा हक्क. त्याच १८७० साली हायरम रेव्हल्स नावाचा काळा माणूस तिथल्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सेनेटमध्ये जाऊन बसला. पाच वर्षांपूर्वी जिथे माणसे लिलावात विकली जात, तिथे हे घडले. पुण्यात वाचणाऱ्याला केवढे बळ आले असेल!

पण गोष्ट तिथे संपलेली नव्हती. 'गुलामगिरी' ज्या वर्षी निघाली त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांना घेरून मारले. निदान साठ माणसे गेली, काही अंदाज दीडशेपर्यंत जातात. ज्यांना शिक्षा झाली तेही पुढे सुटले.

आता चार्ल्स समनर या माणसाचे नाव लक्षात ठेवा. हा मॅसॅच्युसेट्सचा सेनेटर, गुलामीचा कट्टर विरोधक. १८५६ मध्ये एका गुलामधार्जिण्या प्रतिनिधीने भर सभागृहात काठीने त्याला रक्तबंबाळ केले होते. या समनरने १८६९ साली बोस्टनमध्ये व्याख्यान दिले, विषय होता जातीचा प्रश्न. भारतात पाऊल न टाकता, पुस्तके वाचून तो आपल्या जातिव्यवस्थेबद्दल बोलला आणि म्हणाला की अमेरिकेतला रंगभेद हीसुद्धा जातच आहे. म्हणजे बघा, इकडे जोतीराव अमेरिका वाचत होते आणि तिकडे समनर हिंदुस्थान वाचत होता!

समनरने एक कायद्याचा मसुदा १८७० मध्ये मांडला आणि मरेपर्यंत लावून धरला. १८७४ मध्ये तो वारला, आणि १ मार्च १८७५ रोजी कायदा पास झाला. मुक्कामाच्या जागा, जमिनीवरची आणि पाण्यावरची सार्वजनिक वाहने, नाटकगृहे व करमणुकीची ठिकाणे, सगळी सर्वांना सारखी. अडवणाऱ्याला दंड.

हा कायदा आठ वर्षे जगला, तोही कागदावर. १८७७ मध्ये राजकीय तडजोड होऊन दक्षिणेतल्या राज्यांवरचा लष्करी पहारा उठला. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेची बंदी सरकारला आहे, खाजगी हॉटेलवाल्याला किंवा रेल्वे कंपनीला नाही. कायदा रद्द. मग १८९६ मध्ये आगगाडीचे वेगळे डबेही कायदेशीर ठरले. मताचा हक्क कर लावून, वाचता-लिहिता येण्याच्या परीक्षा घेऊन काढून घेतला. १९०१ ते १९२९ या काळात अमेरिकेच्या संसदेत एकही काळा सभासद उरला नाही.

नेमक्या या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. जुलै १९१३, वय बावीस, बडोद्याची शिष्यवृत्ती. कोलंबिया विद्यापीठाच्या पलीकडेच हार्लेम, काळ्या लोकांची वस्ती तिथे वाढत चाललेली. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना वेगळे बसवणे सुरू झाले. आणि त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे इतिहासाचे प्राध्यापक होते. काळ्यांना मताचा हक्क देणे हीच मोठी चूक झाली, असा इतिहास त्यांच्या शिष्यमंडळींनी लिहिला आणि पुढे कितीतरी वर्षे तोच शाळा-कॉलेजात शिकवला गेला. जाडजूड ग्रंथ, तळटीपा, सगळे अगदी विद्वत्तेचे. छापील म्हणून खरे मानणाऱ्याने इथे काय केले असते?

बाबासाहेबांचे वाचन तसे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्यांतली बरीच नंतर गहाळ झाली. १९१७ मध्ये सामान घेऊन येणारे जहाजही महायुद्धात बुडाले. पण वाचन थांबले नाही. १९४५ साली त्यांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरची हकिकत येते आणि आधार येतो हर्बर्ट ॲपथेकर या तरुण इतिहासकाराचा, जो डनिंगच्या शिष्यांच्या अगदी उलट बाजूचा. युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेकडून लढले. युद्ध जिंकल्यावर ज्या पक्षाने त्यांना मुक्त केले त्यानेच जुन्या मालकांशी जुळवून घेतले. त्या वेळी आपल्याकडे काय सांगितले जात होते? आधी देश स्वतंत्र होऊ द्या, मग तुमचे बघू. बाबासाहेबांनी अमेरिका दाखवून उत्तर दिले की काळ्यांचे काय झाले ते अस्पृश्य विसरू शकत नाहीत. हक्क आधी लिहून पाहिजेत.

माझ्या मते जोतीराव आणि बाबासाहेब यांच्या वाचनात विरोध नाही. जोतीरावांनी १८६५ चा विजय वाचला, बाबासाहेबांनी त्यापुढची सत्तर-ऐंशी वर्षे वाचली. पहिल्यामुळे उमेद आली, दुसऱ्यामुळे सावधपणा आला.

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. डु बॉइस तेव्हा ७८ वर्षांचे, काळ्या लोकांचे सर्वांत मोठे विद्वान. डनिंगच्या मंडळींचा खोटेपणा त्यांनी १९३५ मध्येच मोठा ग्रंथ लिहून उघडा पाडला होता. बाबासाहेबांचे मागणे साधेच होते. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते, त्याच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात. ३१ जुलैला उत्तर आले. आपले नाव मला परिचित आहे, अस्पृश्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, कागद मिळवून पाठवतो, असा आशय. दोन्ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डु बॉइस यांच्या कागदपत्रांत आहेत.

आणि मग मार्च १९४७. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात सार्वजनिक जागी कोणाला अडवणे हा गुन्हा ठरवणारे कलम आहे. ते कुठून घेतले हे त्यांनी टिपणात स्वतःच सांगितले आहे. अमेरिकेचा १८६६ चा कायदा आणि १ मार्च १८७५ चा कायदा. हो, तोच समनरचा मेलेला कायदा!

पण ही नक्कल नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. अमेरिकन यादीत मुक्कामाच्या जागा, जमीन-पाण्यावरची वाहने, नाटकगृहे. बाबासाहेबांच्या यादीत हे सगळे आहे, वाहनांत विमानही आले. शिवाय शाळा-कॉलेजे आली, रस्ते आले, पायवाटा आल्या, आणि आले तलाव, विहिरी, पाणवठे. हे शब्द कोलंबियाच्या ग्रंथालयातले नाहीत. ते २० मार्च १९२७ च्या महाडातले आहेत. अमेरिकेत काळ्या माणसाला आगगाडीच्या डब्यातून उतरवत, आपल्याकडे ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडली. परका कायदा वाचताना आपले गाव डोळ्यांपुढे ठेवले म्हणूनच ही भर पडली.

घटना अनेकांच्या हातून गेली, निवेदन जसेच्या तसे आले नाही. तरी कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही यादी आहेच. १८८३ च्या निकालातली पळवाटही इथे ठेवली नाही. पहिले पोटकलम राज्याला बांधते, दुसऱ्यात तशी अट नाही, आणि कलम १७ ने अस्पृश्यता सगळ्यांसाठीच बंद. अमेरिकेला हाच हक्क पुन्हा कायद्याने मिळायला १९६४ साल उजाडले. आपल्यानंतर चौदा वर्षांनी!

याचा अर्थ दोन्ही दुःखे एकच, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून निदान बैल जपावा तसा मालक त्याला जपे. अस्पृश्य कोणाचाच नव्हता, तो मेला तरी कोणाचे नुकसान नव्हते, असे त्यांनी दोहोंची तुलना करताना लिहिले आहे. हे थोडे कठोर वाटते, आणि गुलामांचे हाल वाचल्यावर तुलना करूच नये असेही मनात येते. पण सारखेपणा पाहणाराच फरकही पाहतो, हे इथे दिसते.

पुढे १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली. नाव आले ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून, जी १९६६ मध्ये निघाली होती. त्याच दशकात जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन काळ्यांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिले आणि इंग्रजी न येणाऱ्या वाचकांनाही ते जग कळले.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत इंग्रजीच्या पहिल्या खंडात आहे. भाषा कायद्याची, जरा जड. पण आता घराघरात इंग्रजी शिकलेली पोरे आहेत, त्यांच्याकडून ते कलम मोठ्याने वाचून घ्यावे. यादीत पाणवठा कशाला, हे त्यांना घरातली आजी सांगेल.