गोगलगायींच्या शंखांचे रंग (नोएडा परिसर)

जमिनीवरच्या काही गोगलगायींत एकाच जातीच्या शंखांचे रंग आणि त्यांवरचे पट्टे वेगवेगळे असतात. याला रंग-बहुरूपता म्हणतात. रंग मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो. पण कोणत्या जागी कोणता रंग टिकेल, हे बऱ्याच अंशी तिथले ऊन, सावली, ओल आणि शिकारी ठरवतात. उघड्यावर राहणाऱ्या जातींत, जिथे ऊन जास्त तिथे शंख फिकट, असा साधारण नियम आढळतो. यमुना आणि हिंडन यांच्यामधल्या गाळाच्या जमिनीवर १९७६ पासून वसत गेलेल्या नोएडात (जि. गौतम बुद्ध नगर, उत्तर प्रदेश) मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. तरी तिथल्या बागांतली नेहमीची गोगलगाय तपकिरीच आहे.

ही जात मॅक्रोक्लॅमिस इंडिका. उत्तर भारतातल्या बागा, रोपवाटिका आणि भाजीच्या वाफ्यांत ती सर्रास सापडते. शंख पसरट, चकचकीत, साधारण दीड सेंटिमीटर रुंद आणि इतका पातळ की आतले शरीर त्यातून जाणवते. जिवंतपणी दिसणाऱ्या गडद रंगात त्या शरीराचा वाटा मोठा असतो. गोगलगाय मेली की तोच शंख मधासारखा फिकट दिसू लागतो आणि उन्हात पडून राहिला की बाहेरचा सेंद्रिय थर झडून पांढराफटक होतो. भिंतीकडेला वेचलेल्या रिकाम्या शंखांवरून रंगांची मोजदाद करणे म्हणूनच फसवे. त्यासाठी पावसाळी रात्री विजेरी घेऊन जिवंत गोगलगायीच पाहाव्या लागतात.

तपकिरी शंख या उन्हात निभावतो, कारण तो उन्हात येतच नाही. ही गोगलगाय प्रामुख्याने पावसाळ्यात आणि रात्री हिंडते. उरलेला काळ पालापाचोळ्याखाली, कुंडीच्या बुडाशी किंवा भुसभुशीत मातीत, शंखाचे तोंड सुकलेल्या चिकट स्रावाच्या पडद्याने बंद करून काढते. अंधारात दडलेल्या शंखाने किती ऊन परावर्तित केले याला काही अर्थ उरत नाही. उलट, दिवसा पाचोळा उचकटत फिरणाऱ्या भारद्वाजापासून मातकट रंग थोडाफार आडोसा देत असावा. काजव्यांच्या अळ्याही गोगलगायी खातात, पण त्या रात्री माग काढत येतात. त्यांच्यापुढे रंगाचा उपयोग नाही.

उत्तर आणि वायव्य भारताच्या कोरड्या, मोकळ्या जमिनीत झूटेकस इन्सुलॅरिस ही जात आढळते. तिचा शंख लहान, लांबट, बोथट टोकाचा आणि पांढुरका असतो. तिचा पसारा आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या शुष्क पट्ट्यात आहे. हा दोन जातींमधला फरक झाला, एका जातीतली बहुरूपता नव्हे. पण सावलीत मातकट आणि माळावर पांढरा, ही विभागणी त्यातही दिसते.

पांढऱ्या रंगाची कमाल पाहायची तर इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात. तिथल्या स्फिंक्टरोकिला बॉइसिएरी या जातीवर श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा शंख दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के परतवतो. भोवतालची जमीन ६५ अंशांपर्यंत तापली, तरी शंखाच्या वरच्या वेढ्यांत आक्रसून बसलेला जीव ५० अंशांच्या आसपास राहतो. खालच्या रिकाम्या वेढ्यातली हवा जमिनीची धग अडवते.

बहुरूपतेचा सर्वांत गाजलेला अभ्यास युरोपातल्या सेपिया नेमोरॅलिस या जातीचा. तिचे शंख पिवळे, गुलाबी किंवा तपकिरी असतात आणि पट्टे शून्य ते पाच. केन आणि शेपर्ड यांनी १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या परिसरात दाखवले की गवतात पिवळे आणि पट्टेवाले, तर बीच वृक्षांच्या रानात गुलाबी-तपकिरी शंख अधिक असतात. कस्तुरकुळातला सॉन्ग थ्रश पक्षी उठून दिसणारे शंख वेचून दगडावर फोडतो. उत्तर सुबक होते, पण पुरे नव्हते. १९६३ मध्ये केन आणि करी यांनी इंग्लंडमधल्या मार्लबरो डाउन्सवर नोंदवले की मोठमोठ्या भूभागांत अधिवास बदलला तरी एकाच रूपाचा वरचष्मा राहतो. हवामानाचा भाग त्यात मिसळतोच: गडद शंख थंड सकाळी लवकर तापतो, फिकट शंख दुपार सोसतो, आणि दक्षिण युरोपाकडे पिवळ्यांचे प्रमाण वाढते. एकच कारण शोधण्याचा हट्ट या विषयाला मानवत नाही.

नोएडासारख्या काँक्रीटच्या शहराला अधिक जवळचा दाखला नेदरलँड्सचा आहे. लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या सुमारे ८ हजार सेपियांच्या छायाचित्रांवरून २०१९ मध्ये दिसले की आसपासच्या भागापेक्षा तापलेल्या शहरमध्यात पिवळ्या शंखांची शक्यता जास्त असते. नोएडाच्या मॅक्रोक्लॅमिसला मात्र डांबर आणि फरशीची झळ रंगातून चुकवता येत नाही. तिला पाचोळा, ओली माती आणि झुडपांची सावली लागते. बागेतला पाला रोज झाडून जाळला की तिचा आसराच जातो.

शंखाच्या रंगात असाच फरक दाखवणारी शंखी गोगलगाय (अचॅटिना फुलिका) महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली ती मात्र पिकांच्या नुकसानीमुळे. २०२२ मध्ये लातूर, बीड आणि धाराशिव भागांत तिने उगवते सोयाबीन फस्त केले. मूळ आफ्रिकेतली ही जात १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून कोलकात्यात आणली. तिच्या शंखावरच्या उभ्या तपकिरी रेघा कुठे दाट, कुठे विरळ असतात, आणि त्या फरकात आहाराचाही हात असल्याचे मानले जाते.