स्टिरॉइडच्या कवचाची कुळकथा

ठाण्याच्या पोखरण रोडवर ग्लॅक्सोचा कारखाना अनेक दशकं चालला. बीटामेथासोनसारख्या स्टिरॉइडचा मूळ माल तिथे तयार होई. पुढे ती जमीन विकली गेली, तिथे निवासी टॉवर आले. बीटामेथासोनची ट्यूब मात्र आजही ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही केमिस्टकडे मिळते. या घराण्यातल्या औषधांना पॉलिमरचं अतिसूक्ष्म कवच का चढवावं लागलं, ते समजून घ्यायचं तर 1948 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. सूज उतरवणारं हे औषध साऱ्या शरीरभर फिरतं, मग चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. औषध जिथे हवं तिथेच कसं पोचवायचं, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

पहिलं उत्तर मलमाचं. 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट त्वचेवर लावून गुण दाखवला. 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी साधीच पण कामाची कसोटी शोधली. स्टिरॉइडचं अल्कोहोलमधलं द्रावण हातावर लावून वर आवरण घालायचं आणि काही तासांनी त्वचा किती पांढुरकी पडली ते बघायचं. रक्तवाहिन्या आकसल्या की डाग उमटतो, म्हणजे औषध आत गेलं. याच कसोटीतून बीटामेथासोन व्हॅलरेट पुढे आलं.

ताकद वाढली, लगाम मात्र आला नाही. गजकर्णावर, गोरं होण्यासाठी, कुणाच्या तरी सांगण्यावरून या ट्यूबा सर्रास वापरल्या गेल्या. त्वचा पातळ झाली, गजकर्ण चिवट झालं. अखेर 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

हा लगाम म्हणजे कवच, आणि त्याचं कूळ वेगळं, चक्क हिशेबाच्या कागदातलं. अमेरिकेच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी तेलाच्या थेंबांभोवती जिलेटिनचं कवच बसवलं. पेनाच्या दाबाने ते फुटे आणि खालच्या कागदावर नक्कल उमटे. 1957 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. झुरिकमध्ये पीटर स्पायझर यांनी औषधांसाठी त्याहूनही बारीक कण घडवायला घेतले. 1989 मध्ये फ्रान्समध्ये हातेम फेसी आणि सहकाऱ्यांनी असे कवचवाले कण बनवायची, आजही चालते ती सोपी रीत मांडली.

अॅसिटोनमध्ये पॉलिमर, तेल आणि औषध विरघळवायचं. हे मिश्रण बारीक धारेने ढवळत्या पाण्यात सोडायचं. अॅसिटोन पाण्यात पसरतं, पॉलिमरला मात्र पाणी सोसत नाही. तो तेलाच्या थेंबांभोवती पडदा धरतो आणि द्रव क्षणात निळसर दुधी होतो. कण असतात साधारण 200 ते 300 नॅनोमीटरचे. मग अॅसिटोन उडवून टाकायचं.

खरी परीक्षा यानंतर. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, औषध तेलातून निसटून बाहेर स्फटिक होतं, पडदा झिजतो. म्हणून पृष्ठभागावर पॉलिसॉर्बेटसारख्या द्रव्याचा थर हवा, तेल आणि औषधाची सोयरीक जमायला हवी, आणि 40 अंश तापमान, 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासणी हवी. आपल्या दमट हवेत ही अट चैन नाही.

ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरातल्या विद्यापीठात गुटेरेस, पोलमन आणि बेक यांच्या गटाने क्लोबेटासोल हे स्टिरॉइड अशा कवचात घातलं. औषध हळूहळू सुटलं आणि उजेडातही जास्त टिकलं. इथे आपल्याकडे, कल्याणच्या शेजारी अंबरनाथला कारखाना असलेल्या भारत सीरम्सने अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध तेलाच्या सूक्ष्म थेंबांत बसवलं. त्याला पॉलिमरचा पडदा नाही, पण नातं तेच: औषध विषारी असेल तर वाहन बदला.

स्टिरॉइडची ताकद माणसाला 1948 पासून माहीत आहे. ती जागेवर आणि बेताने सोडण्याचं कसब अजून घडतंय. मात्र जी कुपी प्रयोगशाळेत दुधी दिसते आणि दुकानाच्या फळीवर गाळ धरते, तिला औषध म्हणता येत नाही. टिकाऊपणा हाच या शास्त्राचा कणा आहे, आणि त्यावर खपणारी माणसं आपल्या आरोग्याचीच राखण करत आहेत.