बॅलार्ड पिअरचे मोल स्टेशन

माटुंग्याच्या किंग्ज सर्कल स्टेशनावरून माहीमकडे जो लोहमार्ग जातो, त्यावरून आज गोरेगावची लोकल गाडी धावते. रावळी जंक्शनपाशी हार्बर मार्गापासून तो फुटतो, मध्य रेल्वेचे रूळ ओलांडतो आणि माहीमपाशी पश्चिम रेल्वेस मिळतो. हा मूळचा बंदराचा जोडमार्ग होय. विलायतेची डाक घेऊन पेशावरकडे निघणाऱ्या फ्रंटियर मेलला बंदरातून बी. बी. सी. आय. रेल्वेच्या रुळांवर येण्यास हीच वाट होती. वाटेचा माटुंग्याकडील भाग गजबजून राहिला. ज्या टोकासाठी तिचे महत्त्व, ते बॅलार्ड पिअरचे मोल स्टेशन मात्र नाहीसे झाले.

'मोल' म्हणजे समुद्रात बांधून काढलेला भक्कम धक्का. मराठी कानास त्यात किंमतीचा अर्थ ऐकू येतो, आणि तोही अगदीच गैरलागू म्हणता येत नाही. कारण या स्टेशनाचा सारा खटाटोप काही तास वाचविण्याकरिता होता.

1869 साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि विलायतेहून येणाऱ्या बोटींचे मुंबई हे पहिले मोठे बंदर ठरले. टपालाची घाई एवढी की, 1868 पासून 1914 पर्यंत बोटीवरच पत्रांची वर्गवारी होत असे. उतारूंची स्थिती मात्र निराळी होती. त्यांना लहान होड्यांतून अपोलो बंदरावर उतरावे लागे आणि तेथून सामानसुमानासह घोडागाडीने स्टेशन गाठावे लागे. 1873 साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने 1880 मध्ये प्रिन्सेस गोदी व 1888 मध्ये व्हिक्टोरिया गोदी खुली केली; परंतु मोठ्या डाकबोटींची खरी सोय 1914 साली पुऱ्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीने झाली. तिच्या खोदाईची माती समुद्रात लोटून सुमारे 22 एकर जमीन निर्माण करण्यात आली आणि तीवर वास्तुशास्त्रज्ञ जॉर्ज विटेट यांच्या योजनेने बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पोर्ट ट्रस्टचे आद्य अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव इस्टेटीला आणि धक्क्याला मिळाले. 1915 च्या आरंभी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली.

आता बोट धक्क्यास लागावी, उतारूने शिडीवरून खाली यावे आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसावे, इतके सुलभ झाले. 1 सप्टेंबर 1928 रोजी सुरू झालेली फ्रंटियर मेल डाकबोटींच्या हंगामात येथूनच सुटे, एरवी कुलाब्याहून. या व्यवस्थेचा विशेष असा की, लंडनहून लाहोरास जाणाऱ्या अंमलदाराला मुंबई शहराशी काहीएक कर्तव्य उरले नाही. परळ-लालबागच्या गिरण्या, गोदीतील हमालांची वस्ती, दादर-माटुंग्याची नवी घरे, हे सारे त्याने पाहिले असेल तर धावत्या डब्याच्या खिडकीतून!

पण शहराला असे टाळता येत नसते. 15 ऑगस्ट 1931 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'मुलतान' बोटीने गोलमेज परिषदेस निघाले, तेव्हा त्यांना निरोप देण्यास लोकांची झुंबड याच धक्क्यावर उडाली. 29 ऑगस्टला महात्मा गांधी 'राजपुताना' बोटीने गेले. 28 डिसेंबरला गांधीजी रिकाम्या हातांनी परतले, त्या सकाळी स्वागतासाठी आलेला काँग्रेसचा समुदाय आणि काळी निशाणे घेतलेला अस्पृश्य समाज मोल स्टेशनाजवळच समोरासमोर आला व चकमक झाली. परिषदेतील वाद हजारो मैलांवर राहिला नव्हता. तो साहेबांसाठी बांधलेल्या स्टेशनाच्या दारात येऊन उभा होता. आठवड्याच्या आत, 4 जानेवारी 1932 रोजी, गांधीजींना अटक झाली.

स्टेशनाचा अंत एखाद्या समारंभाने झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात डाकबोटी लढाईच्या कामी लागल्या. गांधीजींना नेणारी 'राजपुताना' 13 एप्रिल 1941 रोजी उत्तर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडविली. युद्ध संपले, तोवर विमानाने टपाल व मातबर उतारू दोन्ही पळविण्यास आरंभ केला होता. आणि 1947 नंतर त्या गाडीचा सरहद्दीकडील मुक्कामच परमुलखात गेला. फ्रंटियर मेल अमृतसरपर्यंतच जाऊ लागली. 1996 साली तिचे नावही बदलून गोल्डन टेंपल मेल करण्यात आले. अलेक्झांड्रा गोदी 1972 पासून इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाते.

बॅलार्ड पिअरवर उतारूंच्या बोटी अजूनही लागतात; 2025 साली तेथे सहलीच्या जहाजांसाठी नवे टर्मिनल खुले झाले. तथापि तेथे उतरणाऱ्या प्रवाशास आगगाडी गाठावयाची तर शहरातूनच जावे लागते.