मॅक मिनीची २५६ जीबी जागा भरली? बाहेरची डिस्क कशी निवडावी आणि कशी वापरावी

ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये एम४ चिपचा मॅक मिनी जाहीर केला, तेव्हा भारतात त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. त्यात १६ जीबी मेमरी मिळते, पण साठवणीची जागा फक्त २५६ जीबी. ५१२ जीबीचे मॉडेल घ्यायचे तर तेव्हा आणखी २०,००० रुपये लागत. त्यामुळे अनेकजण लहान मॉडेल घेतात आणि काही महिन्यांत 'डिस्क भरत आली आहे' ही सूचना पाहतात.

आतली एसएसडी नंतर बदलता येईल का? तिचा आकार ॲपलचा स्वतःचा आहे. बाजारातली नेहमीची एम.२ एसएसडी तिथे बसत नाही. म्हणून सोपा मार्ग उरतो तो बाहेरून डिस्क जोडण्याचा.

आत काय ठेवायचे, बाहेर काय?

मॅकओएस, रोजची ॲप्स आणि चालू कामाच्या फाइल्स आतच ठेवा. आतली एसएसडी सर्वांत वेगवान असते. शिवाय मेमरी कमी पडली की मॅक तिचाच आधार घेतो. म्हणून आत ३०-४० जीबी जागा कायम मोकळी राहू द्या.

बाहेर हलवायचे ते व्हिडिओ, फोटो, जुनी कामे आणि मोठे गेम्स. आयफोनवर ४के दर्जाचा, ३० फ्रेम्सचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे १७० एमबी होतो, म्हणजे तासाला दहा जीबी. एका लग्नाचे शूटिंगसुद्धा आतली निम्मी जागा खाऊ शकते. मॅकओएस १५.१ पासून ॲप स्टोअरमधली १ जीबीपेक्षा मोठी ॲप्स थेट बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात.

हार्ड डिस्क की एसएसडी?

पोर्टेबल हार्ड डिस्क स्वस्त असते, पण तिचा वेग साधारण सेकंदाला १०० ते १५० एमबी. चांगली पोर्टेबल एसएसडी १,००० एमबीच्या आसपास जाते. रोज उघडायच्या फाइल्ससाठी एसएसडी घ्या. प्रत करून कपाटात ठेवायची असेल, तर हार्ड डिस्क पुरते. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो, म्हणून कपाटातल्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच बरी.

एम४ मॅक मिनीला पुढे दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, त्यांचा वेग १० गिगाबिट. मागे तीन थंडरबोल्ट ४ पोर्ट आहेत, त्यांचा वेग ४० गिगाबिट. सेकंदाला १,००० एमबीची एसएसडी कुठेही लावा, फरक पडत नाही. यूएसबी४ किंवा थंडरबोल्टची महागडी डिस्क असेल तर मागचाच पोर्ट वापरा. एक गोष्ट लक्षात ठेवा. खोक्यावर '२० गिगाबिट' लिहिलेल्या यूएसबी डिस्क या मॅकवर १० गिगाबिटनेच चालतात. त्या वेगासाठी जादा पैसे देऊ नका.

केबल बदलली की वेग बदलतो

डिस्क नवी, तरी कॉपी रेंगाळते? आधी केबल बघा. फोनसोबत येणाऱ्या चार्जिंगच्या अनेक यूएसबी-सी केबल दिसायला तशाच असतात, पण त्या यूएसबी २ च्या असतात. त्यांच्यातून सेकंदाला ४० एमबीच्या आसपास डेटा जातो. १०० जीबी कॉपी करायला पाऊण तास लागतो. तेच काम योग्य केबलवर दोनेक मिनिटांचे आहे. डिस्कच्या खोक्यात आलेलीच केबल वापरा.

फॉरमॅट आधी, फाइल्स नंतर

फॉरमॅट केले की डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करा. 'डिस्क युटिलिटी' उघडण्यापूर्वी हे तीन फॉरमॅट समजून घ्या:

- एपीएफएस: एसएसडी फक्त मॅकवर वापरणार असाल तर हाच निवडा.
- एक्सफॅट: विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. पण अचानक वीज गेली तर यातल्या फाइल्स बिघडण्याची शक्यता जास्त.
- एनटीएफएस: विंडोजची जुनी डिस्क. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही.

मॅक मिनीला लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे छोटा यूपीएस घेणे डिस्क दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. आणि डिस्क काढण्यापूर्वी 'इजेक्ट' करायला विसरू नका.

फोटो लायब्ररी कशी हलवायची?

१. फोटोज ॲप बंद करा. 'पिक्चर्स' फोल्डरमधली फोटोज लायब्ररी एपीएफएस डिस्कवर कॉपी करा.
२. ऑप्शन बटण दाबून धरून फोटोज उघडा आणि नवी लायब्ररी निवडा.
३. आयक्लाउड वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये तिला 'सिस्टम फोटो लायब्ररी' करा.
४. जुने-नवे फोटो, अल्बम, व्हिडिओ उघडून बघा. सगळे नीट दिसले, दुसरी प्रतही तयार झाली, की मगच आतली मूळ लायब्ररी काढा.

हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे

सर्वांत मोठी चूक इथे होते. फोटो बाहेरच्या डिस्कवर गेले, आतले पुसले, म्हणजे आता ते एकाच ठिकाणी आहेत. ती डिस्क टेबलावरून पडली किंवा चोरीला गेली, तर मुलांचे पहिले वाढदिवस परत मिळणार नाहीत.

'टाइम मशीन चालू आहे ना' एवढ्यावरही निर्धास्त राहू नका. बाहेरच्या डिस्क बहुधा टाइम मशीनच्या वगळलेल्या यादीत असतात. टाइम मशीनच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन तुमची डिस्क त्या यादीतून काढा. बॅकअपची डिस्क मात्र वेगळी असू द्या, आणि तिच्यात मॅक व बाहेरची डिस्क मिळून जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट जागा असावी.

जगभर सांगितला जाणारा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवा, नाहीतर हार्ड डिस्कवर करून ताईच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा.

'१६ टीबी फक्त १,५०० रुपयांत'?

सोशल मीडियावर अशा जाहिराती दिसल्या तर पुढे सरका. अशा डिस्कच्या आत अनेकदा छोटे मेमरी कार्ड असते आणि ते खोटी क्षमता दाखवते. फाइल्स कॉपी झाल्यासारख्या दिसतात. जागा संपली की नव्या फाइल्स जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हरवतात. ओळखीच्या कंपनीची डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. आणि पहिल्याच आठवड्यात ती पूर्ण भरून, फाइल्स पुन्हा उघडून बघा, म्हणजे परत करायची वेळ आली तर मुदत हातात असेल.